कोरेअप्पांचा कोंडवाडा

वेबसाइट बिघडल्याचा फोन आला, की ऑफिसातले आम्ही बाकीचे "काय झालं?" असं विचारायचो. कोरेअप्पा ते विचारत नसत. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग सावकाश म्हणायचे, "कशावर बघताय तुमी?"

समोरच्याला प्रश्नच कळायचा नाही. मग अप्पा फोड करून विचारायचे. फोन की कॉम्प्युटर? किती वर्षांचा? इंटरनेट उघडायला कोणत्या चित्रावर बोट ठेवता? फोन उभा धरता का आडवा? एवढं विचारून झालं, की "लाइनीवर ऱ्हावा" म्हणून ते खुर्ची मागं वळवायचे आणि भिंतीला लावलेल्या लोखंडी रॅककडं बघत बसायचे.

त्या रॅकला आम्ही कोंडवाडा म्हणायचो. चार जुनाट कॉम्प्युटर, बटणं निखळलेले तीन लॅपटॉप आणि काचा तडकलेले, पाठी सैल झालेले, रबर लावून धरलेले पंचवीस-तीस फोन त्यात होते. बीडमध्ये ओळखीतल्या कुणी नवा फोन घेतला, की अप्पा जुना मागून आणायचे. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर मूळ मालकाचं नाव. शनिवारी दुपारी ते सगळे फोन आळीपाळीनं चार्जिंगला लावायचे. जनावरांना वैरण टाकावी तसे त्यांच्यात फिरायचे.

आमचं ऑफिस बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, वह्यापुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर होतं. तीन खोल्या, सात-आठ माणसं. मालक राऊतसाहेब. शाळा, दवाखाने, बियाणांची दुकानं, पतसंस्था यांच्या साइट आम्ही बनवायचो. माझं माहेर उमापूर. लग्न होऊन बीडला आले आणि आठ-नऊ वर्षं एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवला. छापखाना बंद पडला तेव्हा भराभर मराठी टाइप करणारी बाई म्हणून राऊतसाहेबांनी मला ठेवून घेतलं.

अप्पा तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. शिडशिडीत, पांढरा सदरा, बाह्या बरोबर दोनदा दुमडलेल्या. कपाळावरची विभूती दुपारपर्यंत घामानं अर्धी पुसलेली असायची. नेकनूरहून रोज एसटीनं येत. तिथं त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते धाकटा भाऊ बघायचा. बीडमध्ये नवीनच निघालेल्या एका कॉम्प्युटर क्लासला अप्पा मित्रासोबत सहज म्हणून गेले, मित्र आठवड्यात कंटाळला आणि हे तिथंच राहिले. मी एकदा विचारलं, दुकान का सोडलं? म्हणाले, "दुकान सोडलं, पर मोजायचं काय सुटलं न्हाई. तिकडं कापड मोजत होतो, हितं चौकटी मोजतो."

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका संस्थेच्या वसतिगृहाची साइट होती. त्यांच्या पानावर मी मथळा टाकला: मुलींचे वसतिगृह, प्रवेश सुरू. पत्रिकेची सवय. मथळ्याची चौकट अक्षरांना अगदी घट्ट बसवली, वरखाली केसभर जागा सोडली नाही. माझ्या स्क्रीनवर ते फार देखणं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षिका सरवदे मॅडम यांचा फोन आला, आणि नेमका मीच घेतला. त्या चिडल्या नव्हत्या, पण गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, आमचं वसतिगृह मुलींचं आहे आणि तुम्ही ते मुलाचं करून टाकलंय. सकाळी दोन माणसं आपापले मुलगे घेऊन दारात उभी होती. मी घाईनं पान उघडून बघितलं, तर माझ्यासमोर मुलींचेच होतं.

अप्पांनी फोन घेतला, त्यांचे नेहमीचे प्रश्न विचारले आणि कोंडवाड्यातला एक कॉम्प्युटर सुरू केला. तो चालू व्हायला बराच वेळ लागायचा. तेवढ्यात त्यांनी त्याची काच रुमालानं पुसली. पान उघडलं आणि मला दिसलं ते असं: मुलाच वसातगृह. वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, शिरोरेषेच्या वरचं जे जे होतं ते कात्रीनं कापावं तसं सरळ रेषेत गेलं होतं. खालचं अक्षर जागच्या जागी.

मला वाटलं, माझं टायपिंग कुणीतरी बदललं. अप्पा म्हणाले, "ताई, छापखान्यात तुमी पान पाठवत होता. हितं आपण नुसता निरोप पाठवतो. चौकट येवढी घे, अक्षर येवढं घे. तिकडच्या मशीनमधी ब्राउझर असतो, तो निरोप वाचतो अन् पान मांडतो. दहा ब्राउझर असले, की दहा जणांचं वाचणं येगळं."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. ते काम सुरू झाल्याची खूण होती. घड्याळ पालथं असलं की अप्पांशी कुणी बोलायचं नाही. त्यांनी पानावरच्या एकूण एक चौकटीला लाल रेघ लावली. सगळं पान लाल जाळीनं भरून गेलं आणि माझ्या मथळ्याची चौकट उघडी पडली. त्या मशीनमधलं मराठी अक्षर थोडं उंच होतं, त्याचं डोकं चौकटीबाहेर जात होतं आणि बाहेर गेलेलं छाटलं जात होतं. अप्पांनी मी दिलेली उंची काढून टाकली. चौकटीला अक्षराप्रमाणं वाढू दिलं. वेलांट्या परत आल्या.

"आपल्या अक्षराला डोक्यावर जागा लागती," ते म्हणाले, "अन् पायाखाली बी. इंग्रजीचं माप आपल्याला चालत न्हाई."

साहेबांना सांगावं लागेल का, असं मी भीतभीत विचारलं. अप्पा म्हणाले, सांगायचं तर सांगा, पण या दोषाला तुमचं नाव मिळणार नाही. ते सरवदे मॅडमचं. मला तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं, की अप्पा प्रत्येक दोषाला नाव द्यायचे, आणि ते नाव चुकी करणाऱ्याचं नसायचं. ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्याचं असायचं. त्या दिवसापासून वरून छाटल्या जाणाऱ्या अक्षरांना आमच्याकडं 'सरवदे मॅडमची वेलांटी' असंच म्हणतात. तसंच 'डॉक्टरसाहेबांचा फोटो' होता, जो एका ब्राउझरमध्ये ताणून लांब व्हायचा. 'पठाणमामूंची तारीख' होती. पठाणमामू हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या मशीनवर महिना आणि दिवस यांची अदलाबदल व्हायची, आणि त्यांनी ते तीन पानी पत्रानं कळवलं होतं. अप्पांना तक्रार करणारा माणूस मनापासून आवडायचा. म्हणायचे, सांगायला येतो म्हंजी त्याला अजून आपल्याकडून आशा हाय.

सगळंच गोड नव्हतं. दोष सापडेपर्यंत अप्पा डबा उघडत नसत, आणि त्यांच्यामुळं आम्हालाही उघडायला संकोच वाटायचा. एका वेळी दोन गोष्टी बदललेल्या त्यांना खपायच्या नाहीत. मी एकदा घाईत मापही बदललं आणि रंगही. पान नीट दिसायला लागलं. अप्पांनी दोन्ही परत जसंच्या तसं करायला लावलं, कारण कशानं नीट झालं ते कळलं नाही तर ते नीट झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा अर्धा दिवस गेला. कौतुक करणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. पान सगळ्या मशीनवर बरोबर दिसलं, की "हां" एवढाच उद्गार.

आणि फोनची खोड. कुठल्याही माणसाच्या हातात नवा फोन दिसला, की अप्पांना राहवायचं नाही. माझ्या नणंदेच्या लग्नाला आले होते. मांडवात नवरदेवाला भेटायला गेले, हात मिळवला, आणि त्याचा फोन कोणता म्हणून तो सांभाळणाऱ्या भावाकडून मागून घेतला. पाचेक मिनिटांनी बघते तर अप्पा अक्षता हातात धरून एका बियाणांच्या दुकानाची साइट नवरदेवाच्या फोनवर वरखाली करतायत. मी डोळे वटारले. त्यांनी फोन परत दिला, आणि पंगतीत माझ्या शेजारून जाताना हळूच सांगितलं, की त्या साइटचा मेनू उजवीकडून अर्धं बोट बाहेर जातोय.

राऊतसाहेबांचं आणि त्यांचं यावरून वाजायचं. साहेब वाईट नव्हते, त्यांना कामं वेळेवर उरकायची असायची. बहुतेक लोकांना नीट दिसतंय ना, मग सोडा, असं ते म्हणायचे. अप्पा वाद घालत नसत. एकदाच म्हणाले, "साहेब, ज्याला दिसत न्हाई, त्याला काहीच दिसत न्हाई. त्याला बाकीच्यांचं सांगून काय फायदा?"

आष्टीच्या शेळकेबाईंशी त्यांची ओळख अशाच एका न दिसण्यातून झाली. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या एका साइटवर सगळी अक्षरं एकमेकांवर चढतात, अशी त्यांची तक्रार होती. फोनवर कितीही विचारलं तरी अप्पांना ते समजेना. त्यांच्यासारखा फोन कोंडवाड्यात होता, त्यावर सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी अप्पा सकाळची आष्टीची गाडी धरून निघाले, कुणाला न सांगता. संध्याकाळी आले ते खुशीत. बाईंची नजर अधू झाली होती. त्यांनी फोनमधली अक्षरं होतील तेवढी मोठी करून ठेवली होती, आणि आमच्या चौकटी काही त्यांच्याबरोबर मोठ्या होत नव्हत्या. साहेब म्हणाले, म्हणजे दोष आपला नव्हताच. अप्पा म्हणाले, बाईंचे डोळे काय बाई बदलू शकत नाहीत, चौकट आपण बदलू शकतो. पुढचे आठ दिवस त्यांनी आमच्या सगळ्या साइटची मापं अक्षराच्या हिशेबानं बांधून घेतली. मी पुटपुटत ते काम केलं. आज मलाच चष्मा लागलाय, आणि रोज कुठं ना कुठं त्या कामाचा उपयोग होतो.

आता मुख्य गोष्ट सांगते.

सरवदे मॅडमच्या वसतिगृहात दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली हंगामापुरत्या ठेवून घेतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. त्याआधी अर्ज आला तर मुलगी वसतिगृहात राहते, शाळा चालू राहते. नाही आला तर ती आईबापाबरोबर उसाच्या फडावर जाते. त्या वर्षी अर्ज साइटवरूनच भरायचा होता, आणि एका फोनवरून एकच अर्ज, असा संस्थेचा नियम. म्हणून शिक्षक लोक पालकांना बसवून त्यांच्याच फोनवर तो भरून घेत होते.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या टेबलाशी आले आणि आष्टीकडून किती अर्ज आलेत ते बघायला सांगितलं. मी बघितलं. एक. गेवराईकडून होते, नेकनूरकडून होते, आष्टीकडून एकच. मी म्हटलं, तिकडचे लोक अजून निघाले नसतील. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. त्या बाजूनं महिनाभरात एकही तक्रार आली नव्हती, आणि त्यांना तीच गोष्ट खुपत होती. त्यांनी शेळकेबाईंना फोन लावला.

बाई म्हणाल्या, "न्हाई कसे? माझ्या समोर भरलेत. माझ्या शाळेतल्याच अकरा पोरींचे भरले."

अप्पांनी विचारलं, की शेवटी 'जमा करा' असं निळं बटन दाबलं का. बाई म्हणाल्या, बटन कुठं होतं? शेवटचा प्रश्न झाला, खाली 'धन्यवाद' लिहिलेलं होतं, आम्हाला वाटलं झालं.

फोन कोणता, तर सगळ्यांकडं एकच. गेल्या वर्षी आष्टीच्या बाजारात एका दुकानदारानं एकाच जातीच्या स्वस्त फोनांची खेप आणली होती, आणि आसपासच्या गावांनी तेच घेतले होते. बाईंनी फोटो पाठवला. अर्ज पूर्ण भरलेला, खाली त्या फोनमधल्या ब्राउझरची स्वतःची काळी पट्टी, आणि आमचं निळं बटन त्या पट्टीच्या मागं. बोटानं पान कितीही वर ढकललं तरी ते पट्टीमागंच राहणार, कारण ते स्क्रीनच्या तळाला चिकटवलेलं होतं.

ते चिकटवलं होतं अप्पांनीच. महिन्यापूर्वी. लोकांना बटन शोधावं लागू नये, सतत डोळ्यासमोर असावं, म्हणून. कोंडवाड्यातल्या प्रत्येक फोनवर त्यांनी ते तपासलं होतं. हा फोन कोंडवाड्यात नव्हता.

मी त्यांना इतक्या वर्षांत घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी घड्याळ काढायचं राहून गेलं. राऊतसाहेब बाहेर आले, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, संस्थेला नेटवर्कचा घोटाळा होता म्हणून कळवू, तोवर तुम्ही दुरुस्त करा. अप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सरवदे मॅडमना फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"मॅडम, चूक माझी हाय," ते म्हणाले. "बटन मी खाली चिकटवलं. आष्टीकडच्या फोनवर ते झाकलं जातंय. लोकांनी अर्ज भरलेत, आपल्यापर्यंत आलेच न्हाईत. मुदत वाढवून द्या. माझ्या नावानं लिहून घ्या पायजे तर."

मॅडम विश्वस्तांना विचारून सांगते म्हणाल्या.

साहेब आत गेले. आता दुरुस्ती करायची, पण तपासायची कशावर? अंदाजानं केलेली दुरुस्ती अप्पा दुरुस्ती मानत नसत, आणि आज चुकून चालणार नव्हतं. शेळकेबाईंच्या गावात नेटवर्क जात-येत होतं. अप्पांनी मला लॅपटॉप घ्यायला सांगितला आणि आम्ही दोघं बसस्टँडवर गेलो, आष्टीची गाडी लागते तिथं.

भर दुपार. अप्पा एकेका माणसापाशी जाऊन फोन बघू का म्हणून विचारायला लागले. लग्नाच्या मांडवात बिनदिक्कत फोन मागणारा हा माणूस, त्या दिवशी त्याला शब्द सापडत नव्हते. एकानं संशयानं खिसा दाबून धरला. दुसरा म्हणाला, पोलिसांना बोलवू का. मी खांबाला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या पलीकडं एक साठीची बाई बोचक्यावर हात ठेवून बसली होती. तिच्या गळ्यातल्या पिशवीतून फोनचं टोक दिसत होतं. तोच फोन.

मी अप्पांना खूण केली. ते येऊन तिच्यासमोर फरशीवर उकिडवे बसले. तिनं विचारलं, "कशाला पायजे फोन?"

"माय, एका अर्जावर सही करायची जागा तुमच्या फोनवर झाकली जातीय," अप्पा म्हणाले. "ती मला उघडी करायचीय. फोन तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. मी सांगतो तिथं बोट लावा."

तिनं थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि फोन पिशवीतून काढला.

पहिल्यांदा मी बटन दोन बोटं वर उचललं. अप्पांनी तिला पान परत उघडायला सांगितलं. काय दिसतं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मला वाचता येत नाही, पण खालून निळं निळं काहीतरी डोकावतंय. अर्धंच. मी लगेच आणखी वर घेणार, तेवढ्यात अप्पांनी मला थांबवलं. आधीचं काढा, म्हणाले. मग घाम पुसत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की चिकटवायचंच कशाला. कागदावर सही शेवटच्या ओळीच्या खाली असते, माणूस तिथवर वाचत येतो आणि करतो. बटन तिथंच ठेवा, सुटं.

मी चिकटवलेलं काढलं आणि बटन शेवटच्या प्रश्नाखाली सोडलं. बाईनं पान उघडलं, बोटानं हळूहळू वर ढकलत नेलं. आम्ही दोघं तिच्या बोटाकडं बघत होतो.

"हां," ती म्हणाली. "आलं. सगळं निळं आलं."

अप्पा मागं फरशीवर बसलेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदरानं टिपून लॅपटॉपकडं बघत राहिले. तेवढ्यात आष्टीची गाडी लागली. अप्पांनी बाईचं बोचकं उचललं आणि तिला जागेवर बसवून दिलं. अर्ज कशाचा होता, असं तिनं खिडकीतून विचारलं. अप्पांनी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या पोरी कोयत्यावरच मोठ्या झाल्या. तवा असलं काय नव्हतं. बरं केलं."

ऑफिसात परतलो तर साहेब सांगायला दारातच उभे होते. मॅडमचा फोन आला होता. दोन दिवस मुदत वाढली होती. शेळकेबाईंनी मिस्टरांना शाळेत बोलावून घेतलं होतं आणि त्यांच्या गाडीवर मागं बसून त्या गावोगाव निघाल्या होत्या. जमा न केलेल्या अर्जातलं काहीच आमच्याकडं येत नसल्यानं कुणाचं राहिलं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. बाईंना मात्र प्रत्येक घर ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दहानंतर अर्ज यायला लागले. एक आला. मग दोन. अप्पा माझ्या खुर्चीमागं उभं राहून गावाचं नाव मोठ्यानं वाचायचे, बाकी काही नाही. दुपारी साहेबांनी सगळ्यांसाठी भजी मागवली. अप्पांनी त्या दिवशी डबाही खाल्ला, भजीही खाल्ली आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून घेतली. त्यांची खांदे आवळून उभं राहायची सवय मला इतक्या वर्षांची माहीत होती. ते खांदे खाली आलेले मी त्या दिवशी बघितले.

बाईंच्या शाळेतले अकरापैकी दहा आले. अकरावी पूजा नावाची मुलगी. तिच्या घरच्यांची टोळी आदल्या पहाटेच कारखान्याकडं गेली होती, आणि बापाचा फोन लागत नव्हता. तो पंधरा दिवस लागलाच नाही. पूजा तो हंगाम फडावर राहिली.

अप्पांनी त्या दोषाला तिचं नाव दिलं. मी म्हटलं, अप्पा, तुमच्या नियमाप्रमाणं हे शेळकेबाईंचं बटन. ते म्हणाले, "बाईंनी सांगितलं न्हाई, आपण इचारलं. अन् पूजाला तर सांगताच आलं न्हाई." पुढच्या वर्षी अर्ज सुरू झाले त्या दिवशी सकाळी साडेनऊला ते माझ्या टेबलापाशी उभे होते. चौथा अर्ज पूजाचा होता. अप्पा "हां" म्हणाले आणि जाग्यावर जाऊन बसले.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी अप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बीडच्या दवाखान्यातून घरी नेल्यावर मी आणि साहेब नेकनूरला बघायला गेलो. दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडून होते. जीभ जड झाली होती. आम्हाला बघून हसले ते अर्ध्याच चेहऱ्यानं, आणि साहेबांनी तोंड वळवलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत होत्या, की डॉक्टर आशा सोडू नका म्हणतात, व्यायाम करवून घेणारी एक मुलगी रोज येते, पण हे तिला फार छळतात. तिनं पाच व्यायाम दिले तर हे एकच करतात. आठ दिवस एकच. कशानं फरक पडला ते कळायला पाहिजे, असं त्या मुलीला लिहून दाखवतात. मला हसू आलं, आणि मग रडूही आलं. चादरीखाली त्यांचा डावा पाय वाकडा पडला होता. तो हलत नव्हता.

पुढं हिवाळा गेला. काकूंचा फोन अधूनमधून यायचा. बसवलं, म्हणायच्या. उभं केलं. मी बरं बरं म्हणायचे, पण मला धीर यावा म्हणून त्या तसं सांगतात असंच वाटायचं. जायचं जायचं म्हणत माझं जाणं होत नव्हतं. खरं सांगायचं तर तो पाय परत बघायची मला हिंमत नव्हती.

फेब्रुवारीत एका शाळेच्या कामाला केजकडं निघाले होते. गाडी नेकनूरला थांबली. बाजाराचा दिवस होता, रस्त्याच्या कडेनं दुकानांची पालं लागलेली. गर्दीमुळं गाडी बराच वेळ पुढं सरकेना. मी खिडकीतून बघत होते आणि चपलांच्या एका पालापाशी मला पांढरा सदरा दिसला.

अप्पा होते. हातात काठी. काकू बाजूला पिशवी धरून उभ्या. चपलावाल्यानं एक नवी चप्पल पुढं केली आणि अप्पांनी डावा पाय उचलला, मी तो उचललेला बघितला, आणि चपलेत घातला. काठी काकूंच्या हातात दिली. मग एका पायात नवी आणि एका पायात जुनी, असे ते पालासमोरच्या मोकळ्या जागेत चालायला लागले. पाय थोडा ओढत होते. चार पावलं गेले, थांबले, टाच दाबून बघितली, वळले, परत आले. चपलावाला काहीतरी म्हणाला. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं आणि पुन्हा चार पावलं गेले.

मी हाक मारणार होते. ओठापर्यंत आली होती. पण ते इतके गुंगले होते, की मारवली नाही. गाडी सुटली. मागं वळून बघितलं तेव्हा अप्पांनी मान डोलावली होती आणि ते दुसऱ्या पायातली जुनी चप्पल काढत होते.